स्पोर्ट्स कार धडकते तेव्हा : वाचलेल्या आणि न वाचलेल्या माणसांचा इतिहास

२९ नोव्हेंबर २०२० चा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. बहारीनमधली फॉर्म्युला वन शर्यत. पहिल्याच फेरीत रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळते, तिचे दोन तुकडे होतात आणि आगीचा लोळ उठतो. जवळपास अर्ध्या मिनिटाने त्या जाळातून माणूस उठून बाहेर येतो. हात भाजलेले, बाकी जीव शाबूत.

हा व्हिडिओ पाहिला की तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, म्हणजे भारी गाडी असली की माणूस वाचतोच ना?" प्रश्न चुकीचा नाही. पण ग्रोजाँ का वाचला हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. त्या इतिहासात इंजिनिअरांइतकेच डॉक्टर आहेत, हे मला तो सांगावासा वाटण्याचे एक कारण.

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करू. जळगावकरांना महापालिकेच्या सतरा मजली इमारतीचा पत्ता सांगावा लागत नाही. एक मजला दहा फुटांचा धरला, तर तिच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आपटते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ११४ किलोमीटर असतो. हेच उलट वाचा. महामार्गावर ११४ च्या वेगाने जाणारी गाडी भक्कम भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाच्या शरीराला सतरा मजल्यांवरून पडल्याइतकी ऊर्जा पचवावी लागते. ताशी ६४ किलोमीटरला हा हिशेब पाच मजल्यांचा होतो. ताशी १६० ला जवळपास तेहतीस मजल्यांचा, म्हणजे तशा दोन इमारती एकावर एक. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र रस्त्यावर असे दिसते.

मग उंचावरून पडूनही काही माणसे वाचतात ती कशी? हाच प्रश्न ह्यू डीहेवन या अमेरिकन माणसाला पडला होता. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेताना त्याचे विमान दुसऱ्या विमानावर आदळले. तो वाचला, पण त्याच्या पोटातल्या इजा पाहून त्याला संशय आला की त्या पट्ट्याच्या बकलमुळे झाल्या. पुढे त्याने ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या नोंदी गोळा केल्या आणि १९४२ मध्ये त्यावर लेख लिहिला. कोणी नुकत्याच खणलेल्या मातीत पडले होते, कोणी पत्र्याच्या पेटीवर. माती दबली, पत्रा वाकला आणि शरीराला थांबायला काही इंच जागा मिळाली. माणूस वेगाने मरत नाही, अचानक थांबण्याने मरतो. थांबायला किती अंतर मिळाले आणि तो मार शरीराच्या किती भागावर वाटला गेला, यावर सगळे ठरते.

हिशेब करून बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारे डोके डॅशबोर्डवर आपटून पाच सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशे पट जोर येतो. तेच शरीर पट्ट्याने बांधलेले असेल आणि गाडीचा पुढचा भाग चुरगळत साठ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर जोर येतो सुमारे सोळा पट. शरीर किती सहन करू शकते हे जॉन स्टॅप या अमेरिकन हवाईदलाच्या डॉक्टरने स्वतःवर करून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर बसून त्याने ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि सुमारे दीड सेकंदात तो थांबला. सेहेचाळीस पट जोर. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेना, पण तो बरा झाला. कारण तो नखशिखांत पट्ट्यांनी जखडलेला होता.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी, कारण नातेवाईकांना ती पटत नाही. अपघातात तीन धडका असतात. पहिली गाडीची. दुसरी माणसाची, गाडीच्या आतल्या भागावर. तिसरी शरीराच्या आत: कवटी थांबते पण मेंदू पुढे जातो, छाती थांबते पण हृदय आणि महाधमनी पुढे ओढली जाते, पोट थांबते पण यकृत आणि प्लीहा हिसका खाऊन फाटतात. पहिली धडक डोळ्यांना दिसते, तिसरी दिसत नाही. म्हणून "गाडीला साधा ओरखडा आहे, याला काय झाले असणार" असे म्हणत माणसाला घरी नेले जाते आणि रात्री रक्तदाब खाली जातो.

आता गाड्यांकडे येऊ. १९५० च्या दशकापर्यंत समज असा होता की गाडी जितकी कडक, तितकी सुरक्षित. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी तो उलटा केला. मधला बसायचा पिंजरा कडक आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा, या कल्पनेचे पेटंट त्यांनी घेतले आणि १९५९ मध्ये तशी गाडी बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्वोचे नील्स बोहलिन यांनी तीन ठिकाणी बांधलेला सीट बेल्ट दिला. आज तुमच्या गाडीत आहे तो हाच, छातीवरून तिरका आणि ओटीपोटावरून आडवा. व्होल्वोने ही रचना इतर कंपन्यांना वापरायला मोकळी ठेवली. डीहेवनने पडलेल्या माणसांवरून जे ओळखले होते, त्याचे हे दोन अवतार: एक थांबायला अंतर देतो, दुसरा मार छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर वाटतो.

आणि स्पोर्ट्स कार? तिथे त्या काळात उलटेच चालले होते. हलकी गाडी म्हणजे वेगवान गाडी, म्हणून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. बेल्ट चालक वापरत नसत, कारण आग लागली तर बाहेर फेकले गेलेले बरे, असा त्यांचा समज. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत एक मर्सिडीज दुसऱ्या गाडीवरून उडून कठड्यावर आदळली. चालक बाहेर फेकला जाऊन मेला आणि गाडीचे इंजिन व इतर भाग गर्दीत घुसून ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियात जेम्स डीन हा चोवीस वर्षांचा नट त्याच्या पोर्शे ५५० स्पायडरमध्ये मेला. त्याच्यासोबतचा मेकॅनिक बाहेर फेकला जाऊन वाचला. अशा एकेका उदाहरणावरच "बेल्ट नसला तर माणूस सुटतो" हा गैरसमज पोसला गेला. आपल्याकडे तो अजून भेटतो, पारावर आणि पानटपरीवर.

शर्यतीच्या मैदानात माणसे मरत राहिली. १० सप्टेंबर १९७८ ला इटलीतल्या मोंझा इथे रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाच्या गाडीला सुरुवातीलाच अपघात झाला. दोन्ही पायांना अनेक फ्रॅक्चर झाले होते, तरी तो शुद्धीवर होता, बोलत होता. त्या वर्षी सिड वॉटकिन्स हे लंडनचे न्यूरोसर्जन फॉर्म्युला वनचे डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. ते धावत निघाले तर पोलिसांच्या कड्याने त्यांनाच अडवले आणि ॲम्ब्युलन्सही उशिरा पोहोचली. दुसऱ्या दिवशी पीटरसन गेला. कारण फॅट एम्बोलिझम. मोठ्या हाडाच्या मगजातले चरबीचे थेंब रक्तात शिरतात आणि फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. आमच्या भागात मांडीचे हाड मोडलेला पेशंट दुसऱ्या दिवशी बडबडू लागला, त्याला धाप लागली, तर आम्ही घाबरतो ते याच कारणाने. "पायच तर मोडलाय" असे म्हणून चालत नाही.

वॉटकिन्स यांनी हट्ट धरला की पुढच्या शर्यतींपासून पहिल्या फेरीत डॉक्टरची गाडी स्पर्धकांच्या मागोमाग पळेल. तो नियम राहिला. बेचाळीस वर्षांनी बहारीनमध्ये ग्रोजाँ आदळला तेव्हा हीच गाडी काही सेकंदांत तिथे होती आणि त्याला आगीतून ओढून घेणारा माणूस डॉक्टर होता.

मधल्या काळात आणखी एक गुंता सुटला. चालक बेल्टने घट्ट बांधलेला, गाडीचा पिंजरा शाबूत, तरी माणूस मरतो. ३० एप्रिल १९९४ ला रोलँड रात्झेनबर्गर इमोलाच्या मैदानावर मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथेच आयर्टन सेना मेला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत डेल अर्नहार्ट. रात्झेनबर्गर आणि अर्नहार्ट यांच्या कवटीचा तळ फुटला होता. खांदे बेल्टने थांबले, पण हेल्मेटसकट जड झालेले डोके पुढे झेपावत राहिले, मान ताणली गेली आणि कवटी मणक्याला जिथे जोडलेली असते तिथेच तिने दगा दिला. याचे उत्तर रॉबर्ट हबर्ड या बायोमेकॅनिक्सच्या प्राध्यापकाने १९८० च्या दशकातच शोधले होते. खांद्यावर बसणारी कॉलरसारखी चौकट, तिला हेल्मेट दोन पट्ट्यांनी बांधलेले. चालकांना ती अडचणीची वाटे म्हणून कोणी घालत नसे. अर्नहार्ट गेल्यावर अमेरिकेत आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची झाली. २०१८ पासून डोक्यावरची टायटॅनियमची कमान आली. ती "कुरूप दिसते" म्हणून ओरड झाली होती, आणि बहारीनमध्ये कठड्याचे लोखंड ग्रोजाँच्या डोक्यापासून तिनेच दूर ठेवले.

म्हणजे ग्रोजाँला वाचवणाऱ्या गोष्टी मोजा: कार्बन फायबरचा पिंजरा, सहा ठिकाणी बांधलेला पट्टा, मानेची चौकट, हेल्मेट, आग न लागणारे कपडे, डोक्यावरची कमान, मागे पळणारा डॉक्टर आणि असा रस्ता, की जिथे सगळे एकाच दिशेने जातात. शोरूममधून घेतलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये यातला फार तर पिंजरा येतो. बेल्ट तुमच्या-माझ्या गाडीतलाच, तीन ठिकाणी बांधलेला. वेग मात्र पूर्ण मिळतो.

या गाड्या आपटून पाहिल्या जातात का? कायद्याच्या किमान चाचण्या त्यांना पार कराव्याच लागतात. पण ज्या चाचण्यांवरून तारे मिळतात, तिथे बहुतेक स्पोर्ट्स कार गेलेल्याच नसतात. अशा संस्था जास्त खपणाऱ्या गाड्या निवडतात, आणि चाचणीसाठी एकाच मॉडेलच्या अनेक गाड्या फोडाव्या लागतात. ज्या गेल्या त्यांचे निकालही सारखे नाहीत. पोर्शे टायकॅनला २०१९ मध्ये युरोपात पाच तारे मिळाले. फोर्ड मस्टँगला २०१७ मध्ये दोनच मिळाले. धडकेत पुढच्या एअरबॅगा पुरेशा फुगल्या नव्हत्या. तारे ज्या समोरच्या धडकेवरून ठरतात ती ताशी पन्नास ते चौसष्ट किलोमीटरच्या आसपासची असते. आपल्या भारत एनकॅपमध्येही, जे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, समोरची चाचणी ६४ चीच आहे. पाच तारे म्हणजे पाच मजल्यांची परीक्षा पास. तेहतीस मजल्यांबद्दल ते काही सांगत नाहीत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये प्रत्यक्ष मृत्यूंवरून गाड्यांची यादी लावली, तेव्हा चार्जर, चॅलेंजर, कमारो, मस्टँग अशा ताकदवान गाड्या सर्वांत वाईट रांगेत होत्या. गाडीची बांधणी कच्ची म्हणून नव्हे. संस्थेच्या मते ती ज्या प्रतिमेवर विकली जाते, तशीच चालवली जाते.

आपल्या भागासाठी एक धोका वेगळा सांगतो. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून असते. सुरत-नागपूर महामार्गावर किंवा धुळ्याहून शिरपूरकडे जाताना रात्री कडेला उभा ट्रक, केळीची गाडी, कापसाची ट्रॉली, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, हे चित्र नवे नाही. ठेंगणी गाडी अशा ट्रकवर मागून आदळली, तर तिचा चुरगळणारा भाग ट्रकच्या पाट्याखाली सरकून जातो आणि पहिली धडक काचेला, म्हणजे डोक्याला बसते. बारेनींची सगळी हुशारी वाया. १९६७ मध्ये जेन मॅन्सफील्ड या अमेरिकन नटीचा मृत्यू असाच ट्रेलरखाली गाडी घुसून झाला. म्हणून ट्रकच्या मागे खाली तो आडवा लोखंडी दांडा असतो. आपल्या भागात तो वाकलेला, तुटलेला किंवा काढून टाकलेला किती दिसतो, हे पुढच्या प्रवासात स्वतः मोजा.

महाग गाडीतही बेल्ट का हवा, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राला पाठ आहेत. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची बाजूने धडक बसली. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. मानेच्या मणक्याला आणि यकृताला इजा झाली, आत रक्तस्राव झाला. वर सांगितलेली तिसरी धडक ती हीच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे, बेल्ट न लावलेले, गेले. पुढचे दोघे वाचले. एकच गाडी, एकच धडक. मागचा माणूस बांधलेला नसेल तर तो पुढच्या सीटच्या पाठीवर त्याच वेगाने जाऊन आदळतो, ज्या वेगाने गाडी चालली होती.

इथवर मी आतल्या माणसांबद्दलच बोललो. बेल्टचा, चुरगळणाऱ्या भागाचा, एअरबॅगचा सत्तर वर्षांचा इतिहासही मुख्यतः त्यांचाच आहे. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ माणसांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळपास वीस टक्के पायी चालणारी. त्यांना चुरगळायला पत्रा नाही. त्यांचे थांबायचे अंतर म्हणजे त्यांचेच हाड.

दुचाकीसाठी औषध शोधले तेही एका डॉक्टरने. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये त्याच्या वेगवान ब्रफ सुपिरियर मोटारसायकलवरून पडला. रस्त्यात सायकलवर दोन मुले आली, त्यांना चुकवताना. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी तो गेला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. त्यांनी सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचा उपयोग मांडणारा लेख लिहिला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ त्याच वाटेने आले. फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवर चार वर्षांखालील मूल असेल तर त्याला हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० च्या आत वेग असा नियमही आहे. असा पट्टा बांधलेले मूल मी फार क्वचित पाहतो.

मे २०२४ मध्ये दोन अपघात बारा दिवसांच्या अंतराने झाले. ७ मे ला जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरची आशा सेविका आणि तिच्यासोबतची तीन मुले गेली. १९ मे च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकॅनने एका दुचाकीला उडवले आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. ती पोर्शे अल्पवयीन मुलगा चालवत होता. पहिली गाडी पोर्शे नव्हती, आणि दुचाकीवरच्यांच्या दृष्टीने त्याने काही फरक पडला नाही. दोन्ही ठिकाणी मोटारीच्या आतले लोक जिवंत राहिले. गाड्यांनी आपले काम चोख केले होते.

बाहेरच्या माणसाचा विचार गाडी बनवणाऱ्यांनी अगदीच केला नाही असे नाही. युरोपात १९९७ पासून पादचाऱ्याला धडक बसली तर काय होते याची चाचणी होते. ठेंगण्या गाडीचा बंपर नडगीवर बसतो, माणूस बॉनेटवर फेकला जातो आणि खाली लगेच कडक इंजिन असेल तर डोके त्यावर आपटते. म्हणून २००६ च्या जग्वार एक्सकेसारख्या स्पोर्ट्स कारमध्ये धडक बसताच बॉनेट काही इंच वर उचलणारी यंत्रणा आली, म्हणजे डोक्याला थांबायला तेवढी जागा मिळावी. पुन्हा डीहेवनचाच पत्रा. टायकॅनला पाच तारे मिळाले त्या चाचणीतही हा भाग होता. त्यात माणसाच्या डोक्याइतका एक गोळा बॉनेटवर मारतात. मारण्याचा वेग असतो ताशी ४० किलोमीटर.